जुन्या मेमरीच्या मागावर सहा दिवस

निघण्याच्या आदल्या रात्री सामान भरताना सर्वांत जास्त वेळ एका लहानशा खोक्यात गेला. त्यात इंटेलची ७११० ही बबल मेमरी, म्हणजे चुंबकीय बुडबुड्यांत माहिती साठवणारी संगणकाची मेमरी, होती. दहा लाख बिट साठवणारी, धातूच्या कवचातली आणि आत चुंबके असल्यामुळे आकाराच्या मानाने चांगलीच जड लागणारी ही वस्तू १९७९ साली आली, तेव्हा फिरत्या डिस्कची जागा पुढे हीच घेणार असे अनेकांना वाटत होते. काही वर्षांतच ती मागे पडली. माझ्याकडच्या नगाचे खरे मोल त्याच्या लेबलात आहे. या मेमरीत कारखान्यातून निघतानाच काही लूप, म्हणजे माहिती साठवणारी वेटोळी, सदोष असत आणि ते कोणते याचा नकाशा आकड्या-अक्षरांच्या ओळींत कवचावर छापलेला असे. तोच नकाशा आतही साठवलेला असतो, पण आतला पुसला गेला तर लेबलावरून तो पुन्हा भरावा लागतो. लेबल खरवडलेला नग म्हणूनच माझ्या लेखी अर्धा नग आहे.

हा नग देऊन मला एक कोअर मेमरी, म्हणजे तारांत ओवलेल्या बारीक चुंबकीय कड्यांची मेमरी, घ्यायची होती. इंग्लंडच्या उत्तर भागात राहणाऱ्या एका वयस्कर संग्राहकाशी माझा तीन वर्षे पत्रव्यवहार चालू होता आणि अदलाबदलीचे ठरले होते. त्यांच्याकडे जायचेच आहे, तर वाटेत जुन्या मेमरीचे जे प्रकार अजून चालू स्थितीत आहेत ते पाहून घ्यावेत, असा विचार करून मी सहा दिवसांचा बेत आखला. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, मल्टिमीटर, स्थिर विजेपासून संरक्षण देणाऱ्या पिशव्या आणि नोंदवही घेतली. नोंदवहीत प्रत्येक वस्तूसाठी सहा रकाने आहेत : वस्तू, मूळ यंत्र, कोणाकडून आली, निर्मितीचा आठवडा, स्थिती आणि आतला मजकूर. शेवटचा रकाना संग्रह सुरू केला त्या वर्षी मी हौसेने आखला होता. तो अजून जवळजवळ कोराच आहे.

पहिला दिवस : लंडन

सायन्स म्युझियममध्ये मी फक्त एका यंत्रासाठी गेलो. टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत ॲलन ट्युरिंग यांनी युद्धानंतर एका मोठ्या संगणकाचा आराखडा केला होता. त्याचीच लहान आवृत्ती, पायलट एस, ट्युरिंग तेथून गेल्यानंतर उभी राहिली आणि १० मे १९५० रोजी तिने पहिला प्रोग्राम चालवला. यंत्राचा सांगाडा उघडा असल्यामुळे व्हॉल्व्हांच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या, ओळी आणि तारांचे जुडगे सरळ दिसतात. मला मात्र मेमरी पाहायची होती, आणि तिच्याजवळ पोचलो तेव्हा प्रथम समोरच्या काचेत माझेच प्रतिबिंब दिसले.

या यंत्राची मेमरी पाऱ्याची होती. पाऱ्याने भरलेल्या नळीच्या एका टोकाला क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. त्याला विजेचा ठोका दिला की तो थरथरतो आणि ती थरथर आवाजाच्या लहरीच्या रूपाने पाऱ्यातून पुढे सरकते. दुसऱ्या टोकाचा स्फटिक ती लहर पकडून पुन्हा विजेचा ठोका तयार करतो, त्या ठोक्याला व्हॉल्व्ह पुन्हा धारदार करतात आणि तो परत पहिल्या टोकाला धाडला जातो. पाऱ्यात आवाज सेकंदाला साधारण १४५० मीटर वेगाने जातो, म्हणजे दीड मीटर लांबीची नळी पार करायला त्याला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. सेकंदाला दहा लाख ठोके या गतीने एवढ्या वेळात १०२४ ठोके एकामागोमाग नळीत मावतात. मेमरी म्हणजे वाटेत असलेल्या आवाजांची ही रांग. नळीत काही ठेवलेले नसते, ते सतत वाहत असते, आणि हवा तो शब्द, म्हणजे बिटांचा ठरावीक गट, नळीच्या तोंडाशी येईपर्यंत यंत्राला थांबावे लागते.

पारा निवडण्यामागे कारण होते. स्फटिकातून पाऱ्यात शिरताना आवाजाचा फारसा भाग परत फिरत नाही, कारण ध्वनीच्या दृष्टीने क्वार्ट्‌झ आणि पारा यांचा मेळ चांगला जमतो. तरीही पारा महाग, जड आणि विषारी, शिवाय तापमान बदलले की त्यातला आवाजाचा वेगही बदलतो. ट्युरिंग यांनी पाऱ्याऐवजी जिन हे मद्य सुचवले होते, कारण त्यातले पाणी आणि अल्कोहोल यांचे प्रमाण तापमानाचा परिणाम मारण्यासाठी सोयीचे ठरले असते, असे सांगतात. मला हा किस्सा विनोद म्हणून आवडत नाही. एका द्रवाचा खर्च, वजन आणि तापमान यांचा त्रैराशिक मांडणाऱ्या माणसाचा तो अगदी सरळ विचार वाटतो.

अशा नळीच्या मेमरीला डिले लाइन म्हणतात, आणि बंद पडलेल्या डिले लाइनसमोर उभे राहिल्यावर संग्राहकाची मोठी पंचाईत होते. पुस्तक मिटले तरी पुस्तकच राहते, पण ही मेमरी थांबली की उरते ती नळी. लंडनमध्ये मी दोन तासांच्या वर थांबलो नाही.

दुसरा दिवस : केंब्रिज

मॉरिस विल्क्स १९४६ साली फिलाडेल्फियातील संगणकांवरच्या व्याख्यानमालेला गेले, परत आल्यावर त्यांनी केंब्रिजच्या मॅथेमॅटिकल लॅबोरेटरीत एडसॅक हा संगणक उभारायला घेतला आणि ६ मे १९४९ रोजी त्या यंत्राने ० ते ९९ या संख्यांचे वर्ग छापून दिले. एडसॅकची मेमरीही पाऱ्याचीच होती, सुमारे दीड मीटर लांबीच्या नळ्यांची. मूळ यंत्र १९५८ साली बंद करण्यात आले. ते ज्या भागात होते तिथून सकाळी एक फेरी मारली. पाहण्यासारखे फारसे काही नाही, आणि उद्या ब्लेचलीला त्याची प्रतिकृती भेटणारच होती.

दुपार सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्टरीमध्ये गेली. इथली यंत्रे लावलेली असतात आणि पाहुण्याला ती वापरता येतात, हे मला विशेष आवडले. सिंक्लेअरचा झेडएक्स-८१ दिसताच मी खुर्ची ओढून बसलो. १९८१ सालच्या या संगणकात मुळात १ किलोबाइट मेमरी होती, आणि ती अपुरी पडू लागली की मागच्या बाजूला १६ किलोबाइटचा रॅम पॅक खोचत असत. तो पॅक आतल्या बोर्डाच्या उघड्या कडेवर नुसता अडकवलेला असे, कुठल्याही खिळ्या-स्क्रूने धरलेला नसे. सपाट पडद्यासारख्या कीबोर्डवर एक-एक कळ दाबत मी वीस-बावीस ओळींचा प्रोग्राम टाइप केला. मग पडद्याकडे नीट पाहावे म्हणून यंत्र बोटभर पुढे ओढले आणि पॅक किंचित डुलला. पडदा क्षणभर लहरला, यंत्र नव्याने सुरू झाले आणि माझ्या सगळ्या ओळी गेल्या. हे असे होते हे मी कितीदा तरी वाचले होते, दुसऱ्यांना सांगितलेही होते. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले.

एक गोष्ट मात्र मी भिंग काढून पाहिली. पुढच्याच वर्षी आलेल्या सिंक्लेअरच्याच स्पेक्ट्रम संगणकाच्या ४८ किलोबाइटच्या आवृत्तीत वरच्या ३२ किलोबाइटसाठी ज्या चिपा वापरल्या, त्या खरे तर ६४ किलोबिटच्या होत्या, पण तपासणीत त्यांचा एक अर्धा भाग सदोष निघालेला असे. अशा अर्ध्या चांगल्या चिपा स्वस्तात घेऊन, बोर्डावरच्या एका तारेच्या जोडणीने चांगला अर्धा निवडून त्या वापरल्या गेल्या. इथे मांडलेल्या उघड्या बोर्डावर ती तार दिसते. कोणता अर्धा चांगला, ते चिपेच्या क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून कळते. अशी चिप संग्रहासाठी घेताना मी तो आकडा आधी पाहतो, कारण बोर्डावरून उपटलेल्या चिपेची निवडतार बोर्डावरच राहते आणि मग तिची अर्धी हकिकत त्या एका आकड्यातच असते.

तिसरा दिवस : ब्लेचली

केंब्रिजहून ब्लेचलीला थेट गाडी नसल्यामुळे लंडनला येऊन युस्टनहून पुन्हा वर जावे लागले. नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग ब्लेचली पार्कच्या आवारातच, एच ब्लॉक नावाच्या बैठ्या इमारतीत आहे. बहुतेक लोक तिथे कोलोससची, म्हणजे युद्धकाळात गुप्त संदेश फोडण्यासाठी बांधलेल्या यंत्राची, प्रतिकृती पाहायला येतात. मी तिच्यासमोरून पाच मिनिटांत पुढे गेलो, याबद्दल तिथल्या स्वयंसेवकांनी मला क्षमा करावी.

एडसॅकच्या प्रतिकृतीत पारा नाही. त्याच्या जागी निकेलच्या तारा घेतल्या आहेत, आणि पाऱ्याचे विष व वजन लक्षात घेता दुसरे करता आले असते असे वाटत नाही. निकेलला चुंबकीय क्षेत्रात आणले की तो किंचित आकार बदलतो. वेटोळ्यातून विजेचा ठोका दिला की तारेत एक सूक्ष्म धक्का उमटतो, तो तारेभर प्रवास करतो आणि दुसऱ्या टोकाचे वेटोळे तो पकडते. तत्त्व पाऱ्याच्या नळीचेच आहे, आणि पन्नाशीच्या दशकातल्या काही ब्रिटिश यंत्रांनीही हीच निकेलची वाट धरली होती. कट्टर संग्राहकाला हा बदल खटकतो, मला खटकला नाही. चालणारी मेमरी पाहायला मिळत असेल, तर मी पाऱ्याचा हट्ट धरणार नाही.

तिथून पुढच्या दालनात मी किती वेळ उभा होतो, ते नंतर घड्याळ पाहून कळले. हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रासाठी बांधलेला डेकाट्रॉन संगणक १९५१ पासून चालला, १९५७ साली वॉल्व्हरहॅम्प्टनच्या एका महाविद्यालयात गेला आणि तिथे विच या नावाने १९७३ पर्यंत विद्यार्थ्यांच्या हाताखाली राहिला. मग तो बराच काळ सुटा होऊन पडून होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याला पुन्हा चालू करण्यात आले. मूळ भागांसह चालणारा हा सर्वांत जुना डिजिटल संगणक मानला जातो. वजन अडीच टन.

डेकाट्रॉन ही वायूने भरलेली काचेची नळी असते. तिच्या टोकाला कॅथोडांचे वर्तुळ असते आणि त्या वर्तुळात नारिंगी प्रकाशाचा एक ठिपका दहा ठिकाणांपैकी एका ठिकाणी उभा असतो. प्रत्येक ठोक्यासरशी ठिपका एक घर पुढे सरकतो, नऊवरून शून्यावर येताना शेजारच्या नळीला हातचा देतो. ठिपका जिथे आहे तो अंक, एवढाच हिशेब. एका संख्येला चिन्हासकट नऊ नळ्या लागतात, अशी नव्वद घरे, वर गणिताच्या १८ नळ्या, म्हणून एकूण ८२८. या यंत्राची मेमरी वाचायला कसलेही उपकरण लागत नाही. माणूस समोर उभा राहतो, ठिपके पाहतो आणि संख्या वाचतो. वाचल्याने तिला काही होत नाही.

गुणाकार सुरू झाला तेव्हा रिले, म्हणजे विजेने हलणारे खटके, खडखडू लागले आणि ठिपके एकेका नळीत गरगरू लागले. एका गुणाकाराला पाच ते दहा सेकंद. एवढ्या वेळात कागद-पेन्सिल घेऊन बसलेला तरबेज माणूसही त्याला गाठू शकतो. पण माणूस थकतो आणि हे यंत्र दिवसरात्र न चुकता चालत राहते, म्हणून ते बांधले गेले. माझ्या शेजारी एक बाई लहान मुलीला उचलून धरून उभ्या होत्या. मुलगी नळ्यांवर बोट ठेवल्यासारखे करून मोठ्याने अंक वाचत होती, आणि ते बरोबर होते.

त्यानंतर एलियट ८०३ पाहिला. त्याची कोअर मेमरी ४०९६ किंवा ८१९२ शब्दांची असे, प्रत्येक शब्द ३९ बिटचा. तो चालू होता, पण कोअर चालू आहे हे डोळ्यांना कळत नाही. डेकाट्रॉननंतर लगेच हे पाहणे चुकीचे ठरले. उलट क्रमाने पाहायला हवे होते.

चौथा दिवस : मँचेस्टर

सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये बेबी या संगणकाची प्रतिकृती आहे. मूळ यंत्राला १९९८ साली पन्नास वर्षे झाली तेव्हा ती पुरी करण्यात आली. मूळ बेबी फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी मँचेस्टर विद्यापीठात बांधली होती. हेतू असा की विल्यम्स आणि किलबर्न यांनी शोधलेली मेमरी खरोखर काम देते का ते तपासावे. संगणक दुय्यम होता, मेमरीची परीक्षा घेण्यासाठी तो बांधला गेला. माझ्यासारख्यांना या यंत्राबद्दल जी आपुलकी वाटते तिचे कारण हेच.

ही मेमरी म्हणजे रडारमध्ये वापरत तसल्या पडद्याची नळी. इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या आतल्या बाजूवर एका ठिपक्यावर आदळला की तिथून जास्त इलेक्ट्रॉन उडतात आणि त्या जागी धन विद्युतभाराचा लहानसा खळगा तयार होतो. झोत तसाच शेजारी सरकवला, म्हणजे ठिपक्याची रेघ केली, तर उडालेले इलेक्ट्रॉन आधीचा खळगा भरून टाकतात. ठिपका आणि रेघ, शून्य आणि एक. काचेच्या बाहेर लावलेली धातूची जाळी पुढच्या फेरीत खळगा आहे की भरलेला आहे हे ओळखते. भार सेकंदाच्या काही अंशातच झिरपून जातो, म्हणून सगळा पडदा पुन:पुन्हा वाचून तसाच लिहीत राहावा लागतो. मूळ यंत्रात ३२ बिटचे ३२ शब्द होते, म्हणजे १०२४ बिट. २१ जून १९४८ रोजी त्यातल्या १७ सूचनांच्या प्रोग्रामने २ च्या १८ व्या घाताचा, ती संख्या स्वत: सोडून, सर्वांत मोठा अवयव शोधून काढला, त्याला ५२ मिनिटे लागली.

प्रतिकृती चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी मेमरीतला मजकूर दाखवणारी नळी मला जवळून पाहू दिली. साठवणीच्या नळ्या बाहेरच्या विद्युतगोंधळापासून वाचवण्यासाठी धातूच्या पेट्यांत बंद असतात, त्यामुळे त्यांच्यात काय आहे ते वेगळ्या नळीवर दाखवावे लागते. हिरव्या पडद्यावर ३२ ओळी. जवळ गेल्यावर प्रत्येक ओळीत बारीक ठिपके आणि जरा लांब रेघा दिसतात. प्रोग्राम धावू लागला की काही ओळी स्थिर राहतात आणि एखाद-दुसरी थरथरू लागते. एकदा खालच्या कोपऱ्यातली एक रेघ आपोआप ठिपका झाली, स्वयंसेवकाने जीभ टाळूला लावून आवाज केला, एक खटका वर केला आणि शब्द पुन्हा भरला. अशा चुकांची त्यांना इतकी सवय आहे, की ते त्याबद्दल बोललेदेखील नाहीत.

पाचवा दिवस : अदलाबदल

ज्यांच्याकडे जायचे होते ते गृहस्थ निवृत्त अभियंते आहेत आणि आयुष्यभर त्यांनी मेमरी दुरुस्त केली आहे. त्यांच्या मागच्या खोलीत भिंतभर उथळ खण आहेत. आधी त्यांनी चिपांचा खण उघडला. पांढऱ्या सिरॅमिकच्या, सोनेरी झाकणाच्या १८ पिनांच्या चिपांत एक इंटेलची ११०३ होती. १९७० साली आलेल्या या १०२४ बिटच्या चिपेने कोअर मेमरीला बाजारातून हटवायला सुरुवात केली. तीही विसराळूच, दर दोन मिलिसेकंदांनी तिच्यातले सारे ताजे करावे लागते. सोनेरी झाकणांविषयी ते बराच वेळ तावातावाने बोलत होते. झाकणावरच्या कणभर सोन्यासाठी लोक अशा चिपा किलोच्या भावात घेऊन वितळवतात, आणि दरवर्षी त्यांच्यातल्या चांगल्या चिपा दुर्मीळ होत जातात. माझा राग दुसऱ्या लोकांवर आहे, तो पुढे येईल.

मग त्यांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या आणि हवी ती घ्या म्हणाले.

पहिली होती काळ्या चौकटीत, काचेखाली बसवलेले एक कोअर प्लेन. ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६ कड्या. सुंदर होते यात वाद नाही. भिंगाखाली धरले की फेराइट या चुंबकीय पदार्थाची प्रत्येक कडी खसखशीच्या दाण्याएवढी दिसते, काळी-करडी, कडेला किंचित खडबडीत. प्रत्येक कडीतून चार तारा जातात. एक आडवी, एक उभी, एक मनाई करणारी आणि एक वाचणारी, जी तिरकी जाते आणि अर्ध्या कड्यांतून एका बाजूने, अर्ध्यांतून उलट बाजूने ओवलेली असते, म्हणजे न निवडलेल्या कड्यांचा गोंगाट आपसात कटावा. कडी उलटायला जेवढा प्रवाह लागतो त्याच्या अर्धा आडव्या तारेतून आणि अर्धा उभ्या तारेतून सोडतात. दोन्ही जिथे भेटतात ती एकच कडी उलटते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. या तारा हातांनी ओवलेल्या असत, आणि ते काम बहुतेक स्त्रियांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून केले. एके ठिकाणी मला सुताच्या टोकाएवढा सांधा दिसला, तुटलेली तार कुणीतरी जोडलेली.

दुसरी वस्तू कुरूप होती. पिवळट पडलेल्या बोर्डांमध्ये दाबून धरलेली बारा चौकटींची थप्पी, कडांवर डायोडांच्या रांगा, खाली तांबूस पडलेल्या पिनांचे कनेक्टर आणि एका बाजूला पेन्सिलने तारीख घातलेले कागदी लेबल. बारा चौकटी, प्रत्येकीत ४०९६ कड्या, म्हणजे १२ बिटचे ४०९६ शब्द. पीडीपी-८ या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९६५ सालच्या यंत्राची ही मूळ मेमरी. लेबलावर यंत्राचा अनुक्रमांक होता आणि थप्पी शेवटची काढली ती तारीख.

भिंतीवर टांगायच्या एका चौकटीसाठी अशा पूर्ण थप्प्या फोडल्या जातात. बारा भिंतींवर बारा चौकटी जातात आणि यंत्र कुठले, शब्द किती बिटचा, डायोड कसे लावलेले, यातले काहीही कुणाकडे उरत नाही. माझा राग या लोकांवर आहे. शोभेची वस्तू म्हणून कोअर आवडण्यात गैर काही नाही, पण त्यासाठी आधीच तुटलेल्या थप्प्या पुष्कळ मिळतात. मी दुसरी वस्तू उचलली. गृहस्थांनी मान डोलावली, बबल मेमरीचे लेबल भिंगाखाली धरून ओळ न ओळ वाचली आणि खणात ठेवून दिली.

खरी गंमत यानंतर सुरू झाली. कोअर मेमरीला आठवण धरून ठेवायला वीज लागत नाही, कडी ज्या दिशेने चुंबकित झाली तशीच राहते. पीडीपी-८ वापरणारे लोक संध्याकाळी यंत्र बंद करत आणि सकाळी चालू केले की प्रोग्राम जागच्या जागी असे. म्हणजे लेबलावरच्या तारखेला यंत्र बंद झाले तेव्हा तिच्यात जे होते, ते बहुधा अजून तिच्यात आहे. शेवटच्या पानात, अष्टमान पद्धतीने ७६०० ते ७७७७ या पत्त्यांत, कागदी पट्टी आत घेणारे लोडर ठेवण्याची रीत होती. तेवढेच पान वाचून पाहता येईल, असे गृहस्थ म्हणाले. त्यांच्याकडे त्यासाठी स्वत: बांधलेले उपकरण आहे.

अडचण अशी की कोअर वाचणे म्हणजे ती पुसणे. वाचताना निवडलेल्या कडीला शून्याच्या दिशेने ढकलतात. ती उलटली तर वाचणाऱ्या तारेत क्षणभर ठोका उमटतो, म्हणजे तिथे एक होता. उमटला नाही, तर शून्य. दोन्ही बाबतीत आता तिथे शून्य असते, आणि यंत्र लगेच जुना शब्द परत लिहिते. तो ठोका काही मिलिव्होल्टांचा. ज्या तारेवर तो पकडता आला नाही, तिचा बिट वाचलाही जात नाही आणि उरतही नाही. दुसरी संधी नसते. न निवडलेल्या कड्यांना मात्र अर्ध्या प्रवाहाने काही होत नाही, त्यामुळे फक्त एक पान वाचून बाकीचे जसेच्या तसे ठेवणे तत्त्वत: शक्य आहे.

मी मोहात पडलो होतो हे कबूल केले पाहिजे. लोडर म्हणजे सर्वांना ठाऊक असलेला मजकूर, तो हुबेहूब निघाला तर थप्पी शाबूत आहे याचा पुरावाच हाती येईल, असे मी म्हणून पाहिले. गृहस्थांनी आधी त्यांच्याकडची एक टाकाऊ थप्पी उपकरणाला लावली, तिच्यात ठरावीक नमुना लिहिला आणि परत वाचला. बारापैकी अकरा तारांवर ठोके स्वच्छ आले. सातव्या तारेवर गोंगाट होता. आम्ही जोडण्या तपासल्या, पिना घासल्या, तो बारीक ठोका मोठा करणारा सेन्स ॲम्प्लिफायर बदलला, खोलीतला पंखा बंद केला. सातवी तार तशीच. टाकाऊ थप्पीत दोष आहे की उपकरणात, ते रात्री साडेनऊपर्यंत कळले नाही, आणि त्या अवस्थेत माझ्या थप्पीला हात लावायचा नाही यावर आमचे एकमत झाले. त्यांनी उपकरणाचा नकाशा मला उतरवून दिला. मी मल्टिमीटरने प्रत्येक वाचणाऱ्या तारेचा रोध तेवढा मोजला. मीटरचा प्रवाह कडी उलटवण्याच्या मानाने नगण्य असतो. बाराही तारा अखंड आहेत.

सहावा दिवस : परत

विमानतळावरच्या तपासणीत क्ष-किरणांच्या पडद्यावर माझी थप्पी काय दिसली असेल, याची कल्पना करता येते : तारांची दाट वीट, कडांना धातूच्या रांगा. क्ष-किरणांनी फेराइटचे काही बिघडत नाही, म्हणून मी निश्चिंत होतो. पण अधिकारी बाईंनी पिशवी बाजूला काढली आणि हातात धरायची धातुशोधक कांडी उचलली, तेव्हा माझा जीव खाली-वर झाला. त्या कांडीचे क्षेत्र दुबळे असते आणि कडी उलटायला ते पुरणार नाही, हे मला माहीत होते. माहीत असण्याचा त्या क्षणी उपयोग झाला नाही. मी हात जोडल्यासारखे करून सांगितले की ही संगणकाची मेमरी आहे, जुनी, चुंबकाची. त्यांनी विचारले, यात काय आहे. मी म्हटले, मला माहीत नाही. हे उत्तर तपासणीच्या टेबलापाशी देण्याजोगे नाही. पुढची वीस मिनिटे वरिष्ठांना बोलावणे, कापडी पट्टीने पुसून स्फोटकांची चाचणी, लेबलाचा फोटो यांत गेली. शेवटी थप्पी परत मिळाली, कांडी तिच्यावरून फिरली नाही.

विमानात बसल्यावर नोंदवही काढली. वस्तू, मूळ यंत्र, कोणाकडून आली, निर्मितीचा आठवडा हे रकाने भरले. स्थितीत बाराही वाचणाऱ्या तारांचे रोध ओहममध्ये लिहिले, एका डायोडाची पिन वाकलेली आहे हेही लिहिले. मग शेवटच्या रकान्यात, जो इतकी वर्षे मी नुसता कोरा सोडत आलो, पहिल्यांदा शब्द घातले : आहे, वाचलेला नाही.